मिन्स्कच्या पुढे रणगाडे का थांबतात

२२ जून १९४१. पडद्यावरचे बाण हिरवे आहेत, बाल्टिकपासून काळ्या समुद्रापर्यंतची अख्खी आघाडी एका दमात पूर्वेकडे सरकते आहे आणि दोन आठवड्यांत मिन्स्क हाती येतं. मग स्मोलेन्स्कच्या वाटेवर काहीतरी बिनसतं. तुकड्यांच्या चिन्हाशेजारी एक बारीकसं निशाण दिसायला लागतं, आधी पिवळं, मग लाल. लढाईचे गोल हिरव्याचे पिवळे आणि पिवळ्याचे लाल होतात. समोरचा शत्रू तोच, आपले रणगाडे तेच, सेनापतीही तोच, आणि तरी ज्यांनी पंधरा दिवसांत साडेतीनशे किलोमीटर तोडले त्यांना आता एक जंगल ओलांडवत नाही. हार्ट्स ऑफ आयर्न ४ हा दुसऱ्या महायुद्धावरचा संगणकावरचा खेळ शिकणारा जवळपास प्रत्येक जण जर्मनी घेऊन खेळताना या जागी येऊन अडतो, आणि अडल्यावर एकच गोष्ट करतो: आणखी तुकड्या आणतो. बाण जिथे थांबला तिथे जोर कमी पडला असणार, असं सरळ डोकं सांगतं. चोवीसच्या जागी छत्तीस डिव्हिजन येतात. तीन-चार दिवस बरं चालतं आणि मग सगळी आघाडीच लाल होऊन बसते.

ही घटना मला फार बोलकी वाटते. त्या दिवशी, त्या जागी खेळाडूचं काहीच चुकलेलं नसतं. चूक झालेली असते कित्येक महिने आधी आणि शेकडो किलोमीटर मागे, पोलंडमधल्या रेल्वेच्या एखाद्या तुकड्यावर, जिकडे त्याने कधी नकाशा सरकवून पाहिलेलंही नसतं. हा खेळ अवघड आहे असं म्हणतात तेव्हा लोक त्याच्या शेकडो बटणांकडे आणि आकड्यांनी गच्च भरलेल्या चौकटींकडे बोट दाखवतात. बटणं महिन्याभरात पाठ होतात. खरी अडचण निराळी आहे. इथे कारण आणि परिणाम एकमेकांपासून फार लांब राहतात, आणि परिणाम दिसतो तिथेच कारण शोधायची आपल्याला सवय असते.

म्हणून मागे जायचं.

सगळ्यात आधी खेळ थांबवायचा, म्हणजे स्पेसबार. मग रसदीचा मॅप मोड लावायचा. नेहमीचे देशांचे रंग जातात आणि नकाशाचा जणू सांगाडा उघडा पडतो: रेल्वेच्या रेषा, त्यांच्यावर पातळीचे आकडे, मध्ये मध्ये सप्लाय हबचे, म्हणजे माल पुढे वाटणाऱ्या ठाण्यांचे ठिपके आणि प्रत्येक हबभोवती बाहेर जावं तसं फिकट होत जाणारं वर्तुळ. जिथे तुकड्या उपाशी आहेत त्याच्या सगळ्यात जवळच्या हबवर क्लिक केलं की राजधानीपासून तिथवर माल कुठल्या वाटेने येतोय ती वाट दिसते. आता नीट पाहायचं. रेल्वेला एक ते पाच अशा पातळ्या असतात, आणि हबला मिळणारा माल त्या अख्ख्या वाटेवरच्या सगळ्यात कमी पातळीच्या तुकड्यावर ठरतो. बर्लिनपासून वॉर्सापर्यंत पाचची पातळी आहे, पुढे ब्रेस्तजवळ एकच तुकडा एकचा राहिला आहे, तर मिन्स्कच्या हबला एकचाच माल मिळणार. नवखा खेळाडू हौसेने जर्मनीच्या पोटातल्या रेल्वे वाढवत बसतो, कारण त्या डोळ्यांसमोर असतात. त्यापेक्षा तो एक तुकडा वाढवला असता तर निम्म्या कामात दुप्पट फळ मिळालं असतं. बांधकामाच्या एका प्रकल्पावर जास्तीत जास्त पंधरा नागरी कारखाने लागतात, त्यामुळे नंतर घाई करूनही फारसं हाती लागत नाही. हे काम १९४०च्या हिवाळ्यातच सुरू व्हायला हवं.

रूळ ठीक असतील तर पाहायचं हबकडे. हबच्या खिडकीत घोड्याचं चित्र असतं. माल तिथून पुढे घोडागाड्यांनी जातोय असा त्याचा अर्थ, आणि घोडे फार लांब जात नाहीत. तिथेच ट्रकची सोय चालू केली की वर्तुळ मोठं होतं, पण त्यासाठी कोठारात खरोखरचे ट्रक लागतात. रूळ आहेत पण गाड्या नाहीत, असंही होतं. रेल्वे इंजिनं आणि डबे लष्करी कारखान्यांतून बनवावे लागतात, शत्रूची विमानं ते वाटेत फोडतात, आणि गाड्या कमी पडल्या की पाचच्या पातळीच्या रुळांवरूनही पुरेसा माल येत नाही. त्याशिवाय नुकताच जिंकलेला रूळ काही दिवस आपल्या कामाचा नसतो. इतिहासात याचं कारण अगदी साधं होतं. सोव्हिएत रूळ १५२४ मिलिमीटर रुंदीचे, जर्मन गाड्या १४३५च्या. एक रूळ उपटून ८९ मिलिमीटर आत ठोकायचा, तोही हजारो किलोमीटर, हे काम जर्मन रेल्वेच्या तुकड्यांच्या वाट्याला आलं होतं. आणि रणगाड्यांच्या चित्रांमुळे आपण विसरतो की त्या सैन्याबरोबर सहा लाखांहून अधिक घोडे चालत होते. खेळातलं ते घोड्याचं चित्र शोभेसाठी नाही.

एक गोष्ट इथे विशेष फसवी आहे. तुकडीजवळ स्वतःची थोडी शिदोरी असते. हब मागे पडलं तरी पहिले काही दिवस ती त्यावर चालते, लढते, जिंकतेसुद्धा. म्हणूनच सुरुवातीचे बाण इतके सुंदर धावतात. शिदोरी संपली की तुकडीची संघटना, म्हणजे लढाईत टिकून राहायची ताकद, खालावते, वेग मंदावतो, अवजारं आपोआप झिजू लागतात. तोपर्यंत ती अशा प्रदेशात पोचलेली असते जिथे जवळचं हब अजून शत्रूकडे आहे. आता तिथे आणखी बारा डिव्हिजन आणल्या, तर तेवढाच माल जास्त तोंडांत वाटला जातो. उपाय उलटा आहे. काही तुकड्या मागे घ्यायच्या, रणगाडे राखून ठेवायचे, ते जास्त खातात, आणि पुढचं हब हा एवढाच हल्ल्याचा रोख ठेवायचा. बाणाचं टोक शहराच्या नावावर ठेवण्यापेक्षा हबच्या ठिपक्यावर ठेवायची सवय लागली की अर्धा खेळ हाती आला असं मी समजतो. समुद्राकाठच्या आघाडीवर बंदरही हबचं काम करतं. उत्तरेकडे रिगा घेतलं आणि मालवाहू जहाजं पुरेशी असली, तर लेनिनग्राडकडे निघालेल्या सैन्याला रेल्वेवर सगळा भार टाकावा लागत नाही.

रसद तुटलेल्या सैन्याचं काय होतं हे मराठी माणसाला पुस्तकातून शिकवावं लागत नाही. कुंजपुरा घेतल्यावर भरलेली कोठारं, यमुनेपलीकडे अडकलेला अब्दाली मागून येऊन बसल्यावर बंद झालेला दिल्लीचा रस्ता, डिसेंबर १७६०मध्ये गोविंदपंत बुंदेल्यांचा मृत्यू, हे सगळं संक्रांतीच्या दिवसाआधीचं आहे, आणि पानिपताची चर्चा मात्र आपण बहुतेक वेळा त्या एका दिवसाचीच करतो. कोण कुठे उभं होतं, कोण आधी निघालं, विश्वासरावांना गोळी लागली नसती तर. या खेळाचा नवा खेळाडू आणि आपले पानिपतावरचे वाद मला एकाच जातीचे वाटतात. दोघांचीही नजर शेवटच्या दिवसावर खिळलेली असते.

हाच प्रकार कारखान्यांत होतो, फक्त तिथे अंतर आणखी लांबतं. खेळ १ जानेवारी १९३६ला सुरू होतो. तिथपासून बार्बारोसाच्या, म्हणजे रशियावरच्या हल्ल्याच्या दिवसापर्यंत १९९९ दिवस मिळतात, आणि राष्ट्रीय धोरणाची बहुतेक पावलं सत्तर-सत्तर दिवसांची असल्याने तेवढ्या काळात जेमतेम अठ्ठावीस पावलं टाकता येतात. हे ऐकायला भरपूर वाटतं. आता एका साध्या पायदळ डिव्हिजनचा हिशोब करू. एका बटालियनला हजार माणसं आणि पायदळाच्या शस्त्रांचे शंभर नग लागतात. नऊ बटालियनच्या डिव्हिजनला नऊशे. एक लष्करी कारखाना दिवसाला साडेचार एकक काम करतो, पण ते पूर्ण कार्यक्षमतेला. उत्पादनाची नवी लाइन सुरू केली की कार्यक्षमता दहा टक्के असते आणि हळूहळू चढत पन्नासवर थांबते, पुढची मर्यादा संशोधनाने वाढवावी लागते. १९३६च्या बंदुकीच्या एका नगाला अर्धं एकक लागतं. म्हणजे पन्नास टक्क्यांवर चालणारा कारखाना दिवसाला साडेचार नग देतो आणि नुकताच सुरू झालेला एक नगसुद्धा पुरता देत नाही. एका सेनापतीच्या हाताखालच्या चोवीस डिव्हिजन उभ्या करायला २१,६०० नग हवेत. दहा कारखाने पन्नास टक्क्यांवर लावले तर ४८० दिवस. सल्लागारांनी, संशोधनाने मिळणारे वाढीचे टक्के धरले तर हे कमी होतं, आणि नव्या पॅचमध्ये आकडे थोडे इकडेतिकडे सरकतात, पण हिशोबाची जात तीच राहते.

आता नवा खेळाडू काय करतो पाहा. १९३८मध्ये त्याला वाटतं की तोफा कमी आहेत, म्हणून तो बंदुकांच्या लाइनवरचे पाच कारखाने काढून तोफांवर लावतो. दोन महिन्यांनी विमानं कमी वाटतात, तेच कारखाने विमानांवर. प्रत्येक वेळी कारखाना नव्या लाइनवर पुन्हा तळापासून चढायला लागतो. त्या दिवशी काही दुखत नाही. दुखतं १९४१मध्ये, जेव्हा मरणाऱ्या तुकड्या भरून काढायला कोठारात बंदुका नसतात आणि सगळ्या डिव्हिजन अर्ध्या ताकदीवर लढत राहतात. तेव्हा तो म्हणतो, शत्रू फार बलाढ्य केला आहे. कारखान्यांच्या बाबतीत माझं मत अगदी ठाम आहे: पहिल्या वर्षी बंदुका, पायदळाला साथ देणाऱ्या तोफा, ट्रक, एक लढाऊ विमान आणि एक रणगाडा एवढ्याच लाइन ठरवाव्यात आणि त्यांना हात लावू नये. नवे कारखाने तयार होतील तसे ते या लाइनमध्ये घालावेत. कंटाळवाणं आहे खरं, पण कारखान्यांना फक्त सातत्य कळतं.

ट्रकचं उदाहरण मुद्दाम घेतो, कारण त्यात साखळी स्वच्छ दिसते. एका मोटराइज्ड, म्हणजे ट्रकमधून जाणाऱ्या पायदळाच्या बटालियनला पन्नास ट्रक लागतात. सहा रणगाडा बटालियन आणि चार मोटराइज्ड अशी डिव्हिजन केली तर दोनशे. अशा दहा डिव्हिजन म्हणजे दोन हजार ट्रक, आणि हबमधून माल पुढे नेणारे ट्रकही याच कोठारातून जातात. ट्रकला पोलाद लागतं आणि रबर लागतं. जर्मनीकडे रबर नाही. ते बाहेरून घ्यायचं तर दर आठ एककांमागे एक नागरी कारखाना दुसऱ्याच्या दारात बांधून ठेवावा लागतो, आणि युद्ध पेटल्यावर समुद्रावरची वाट ब्रिटिश आरमार बंद करतं. म्हणून कृत्रिम रबराचे कारखाने १९३८-३९मध्येच बांधायला घ्यावे लागतात, तेही इतर बांधकामांच्या तोंडचा घास काढून. स्मोलेन्स्कच्या रस्त्यावर लाल झालेल्या त्या निशाणाचा धागा ओढत गेलात तर कधी कधी तो थेट तिथे, तीन वर्षं मागच्या बांधकामाच्या यादीत जाऊन पोचतो. मला या खेळाची आवड आहे ती या धाग्यासाठी.

लढाईची खिडकी त्या मानाने सोपी आहे. ती उघडून पाहायचा धीर मात्र हवा. दोन्ही बाजूंच्या तुकड्या समोरासमोर मांडलेल्या दिसतात, त्यांच्या मागे राखीव थांबलेल्या. प्रत्येक डिव्हिजनला रुंदी असते: पायदळाची बटालियन दोन, तोफखान्याची तीन. नऊ पायदळ बटालियन म्हणजे अठरा. सात पायदळ आणि दोन तोफखाने म्हणजे वीस. भूप्रदेशानुसार रणांगणाला ठरावीक रुंदी असते आणि तेवढ्याच तुकड्या एका वेळी लढतात. समजा जागा ७० आहे. अठराच्या तीन तुकड्या चोपन्न होतात, चौथी घेतली तर बहात्तर, दोनने जास्त, आणि त्याचा थोडा दंड सगळ्यांनाच बसतो. मागे थांबलेल्या राखीव तुकडीला आत शिरायची संधी तासाला अवघी दोन टक्के असते. संदेशवहनाची सिग्नल कंपनी ती वाढवते. चार तुकड्या लढतात आणि सोळा मागे उभ्या राहून नुसत्या खातात, असं दृश्य रोजचं आहे. तिथे समोरून रेटण्यापेक्षा बाजूच्या प्रदेशातून दुसरा हल्ला लावला तर रणांगणाची रुंदीच वाढते.

आणि एक गणित असं आहे की ते समजलं तेव्हा बहुतेकांच्या खेळाची तऱ्हाच बदलते. बचाव करणाऱ्याच्या बचावाच्या आकड्याइतके जे वार येतात, त्यांपैकी साधारण दहा टक्केच लागतात. बचावाच्या वर जे वार जातात त्यांपैकी चाळीस टक्के लागतात. समजा बचाव २०० आहे. आपला मारा १५० असेल तर पंधरा वार लागले. मारा दुप्पट करून ३०० केला, तर पहिल्या दोनशेंपैकी वीस आणि वरच्या शंभरांपैकी चाळीस, मिळून साठ. मारा दुप्पट, घाव चौपट. आघाडीभर सगळीकडे थोडं थोडं ढकलणाऱ्याची माणसं फुकट का मरतात आणि एकाच जागी तोफखाना, रणगाडे आणि वरून बॉम्बर एकवटणाऱ्याची वाट का मोकळी होते, ते या चार ओळींत आहे. जोडीला एक इशारा. निव्वळ रणगाड्यांची डिव्हिजन करायचा मोह सगळ्यांनाच होतो. रणगाडा बटालियनची मूळ संघटना दहा, पायदळ आणि मोटराइज्डची साठ, तोफखान्याची शून्य, आणि डिव्हिजनला या सगळ्यांची सरासरी मिळते, मदतीच्या कंपन्यासुद्धा धरून. दहाच्या दहा रणगाडे घातले तर संघटना दहा, आणि अशी डिव्हिजन हल्ला सुरू केल्यावर काही तासांतच मागे फिरते. सहा रणगाडे आणि चार मोटराइज्ड घेतले तर मदतीच्या कंपन्या धरायच्या आधी सरासरी तीस येते. तिथून खाली जाऊ नये.

शिकायला कुठला देश घ्यावा यावर मतं फार आहेत. खेळ स्वतः इटली हाती देतो, इथियोपियाच्या युद्धात. इथियोपियाचा डोंगर नव्या रसद-पद्धतीत, म्हणजे नोव्हेंबर २०२१च्या नो स्टेप बॅक या खेळाच्या भरीनंतर, नवशिक्याला फार छळतो, आणि म्हणून पुष्कळ जण तो टाळायला सांगतात. मला तोच योग्य गुरू वाटतो. रेल्वे जवळजवळ नाही, हब विरळ, शत्रू दुबळा. हरायची भीती नाही आणि रसदीवाचून जिंकता येत नाही. मसावाच्या बंदरापासून दक्षिणेकडे एक एक पाऊल टाकताना, कुठे थांबलं की तुकड्या भरून येतात आणि कुठे गेलं की गळून जातात, हे डोळ्यांना दिसतं. वेग दोन किंवा तीनवर ठेवावा. पाचव्या वेगाला रात्रीची सावली नकाशावरून पश्चिमेकडे सपासप पळत जाते, ते दिसायला छान, पण त्या एका सावलीच्या वाटेत दिवसभराची लढाई उरकून गेलेली असते. रात्रीच्या हल्ल्याला पन्नास टक्के दंड आहे हे सावकाश खेळणाऱ्यालाच जाणवतं.

इतकं सगळं आकड्यांनी समजून घेताना मनाला एक खुपत राहतं.

वरच्या पट्टीत मनुष्यबळ हा एक आकडा आहे. भरतीचा कायदा अडीच टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर न्यायला दीडशे राजकीय गुण लागतात आणि एक क्लिक. आकडा झर्रकन वाढतो आणि बरं वाटतं. त्या बरं वाटण्याला मी चुकीचं म्हणत नाही, खेळ त्याशिवाय चालणारच नाही. पण जर्मनी हाती घेतलेल्या खेळाडूला या खेळात छळछावण्या कुठेच दिसत नाहीत, आणि ब्रिटिश राज घेऊन खेळणाऱ्यासाठी दुष्काळातला, १९४३चा बंगाल हा प्रामुख्याने कारखान्यांचा आणि मनुष्यबळाचा प्रांत राहतो. निर्मात्यांनी ज्यूंच्या संहाराचा खेळ होऊ दिला नाही हे मला पटतं. तरीही नकाशा इतका स्वच्छ दिसतो की ज्याला तो इतिहास ठाऊक नाही त्याच्या हाती हा खेळ नुसताच देऊ नये, असंही वाटतं. सोबत एखादं चांगलं पुस्तक असावं.

नदीचंच पाहा. खेळात लहान नदीपलीकडे हल्ला केला की तीस टक्के दंड, मोठ्या नदीला साठ. इटलीतली सेनियो खेळाच्या हिशोबात लहान म्हणावी अशीच नदी आहे. ९ एप्रिल १९४५ला तिच्या उंच बांधांवर तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधले, पलीकडे गेलेल्या तुकडीतून जवळजवळ एकटे धडधाकट उरले होते. त्यांनी एका जखमीला खोल पाण्यातून, बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं, परत जाऊन दुसऱ्याला आणलं, आणि मग मशीनगनच्या तीन चौक्या एकट्याने बंद केल्या. हाताला गोळी लागून टॉमीगन धरवेना तेव्हा ती टाकून हातबॉम्बवर लढले. शेवटी बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना देत त्यांनी मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या युद्धात भारतातून सुमारे पंचवीस लाख माणसं सैन्यात गेली. हे वाचलेला माणूस नदीवरच्या त्या उणे तीसकडे वेगळ्या नजरेने पाहतो आणि पूल कुठे आहे ते आधी शोधतो. त्यामुळे तो खेळ वाईट खेळत नाही, उलट जरा सावधपणे खेळतो.

ब्रिटिश राज हा देश म्हणूनच दुसऱ्या डावाला घ्यावा असं मी सुचवेन. २०१६च्या डिसेंबरात टुगेदर फॉर व्हिक्टरी या भरीने त्याला स्वतःचं धोरणाचं झाड मिळालं. माणसं अफाट, पण भरतीवर बंधनं असल्याने हाती येतात फार थोडी. कारखाने तुटपुंजे. इथे पाच लाइन चालवायची चैन नाही: बंदुका, साथीच्या तोफा, आणि जमलं तर ट्रक. पण भूगोल आपल्या बाजूने असतो. मार्च १९४४मध्ये जपानची पंधरावी सेना, सुमारे ८५ हजार माणसं, चिंडविन नदी ओलांडून इंफाळ आणि कोहिमावर आली तेव्हा तिचा सेनापती मुतागुचीने त्यांच्याबरोबर तीन आठवड्यांच्या आसपासचं अन्न दिलं होतं. सोबत गुरांचे कळप हाकत आणले होते, त्यातली बहुतेक जनावरं वाटेतच मेली. बाकीचं अन्न ब्रिटिशांची कोठारं जिंकून मिळवायचं, असा बेत होता. कोठारं मिळाली नाहीत. वेढ्यातल्या सैन्याला विमानांनी माल पोचत राहिला, रेल्वे दिमापूरपर्यंत चालू राहिली, आणि जुलैत परतणाऱ्या जपानी सैन्यात गोळीपेक्षा भूक आणि रोगाने मेलेले जास्त होते.

खेळात हा डाव जवळजवळ तसाच उभा करता येतो. युद्ध पोचायच्या आधी, १९४०पासूनच, आसामकडे जाणारा रूळ वाढवायला घ्यायचा, आणि राजधानीपासून सीमेपर्यंतच्या वाटेत एकही कमी पातळीचा तुकडा राहू द्यायचा नाही. डोंगराच्या ओळीवर नऊ-नऊ बटालियनचं पायदळ, सोबत इंजिनिअर आणि तोफखान्याची कंपनी, आणि त्यांना हलवायचंच नाही, म्हणजे खंदक खोल होत जातात. जपान चिंडविनच्या अलीकडे आला तरी लगेच पलटवार करायचा नाही. रोज रसदीचा नकाशा उघडून फक्त त्यांच्या बाजूचा रंग बघायचा. तो लाल झाल्यावरही आणखी आठवडाभर थांबायचं, त्यांची शिदोरी संपू द्यायची, आणि मग एका जागी दोन दिशांनी मारा एकवटायचा. बाहेर पडताना मात्र आपला रूळही मागेच संपलेला असतो. म्हणून पुढचं हब हाती येईपर्यंत चिंडविनच्या पलीकडे एका वेळी सहा-आठ डिव्हिजनच्या वर नेऊ नयेत, आणि पावसाळा लागायच्या आत तिथे पोचता येणार नसेल तर नदीच्या अलीकडेच थांबावं.